घर बांधायचंय? आधी खालची माती बघा! (एपिसोडचा लेखी अवतार)

बऱ्याच जणांनी मेसेज केले होते की लोकलमध्ये, बसमध्ये नेट जातं, एपिसोड अर्धाच ऐकू येतो, तर लिहून टाका. म्हणून हा लेखी अवतार. बोलताना जे शंभर वेळा 'म्हणजे' येतं ते काढलंय, बाकी मी बोललो तसंच आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. मी सिव्हिल इंजिनिअर नाही. मी पुण्यात बसून कोड लिहितो. पण गेल्या वर्षी परभणीला आमचं घर बांधायचं ठरलं आणि त्या निमित्तानं मी या विषयात असा काही घुसलो की आता मित्र मला बघून रस्ता बदलतात. तर आजचा विषय: बांधकामाआधी जमिनीची तपासणी. सॉइल टेस्टिंग, किंवा मोठ्या शब्दात जिओटेक्निकल इन्व्हेस्टिगेशन.

बाथरूमचं दार

आमचं जुनं घर १९९८ साली बांधलेलं. तीन खोल्या, स्लॅब, बाहेर ओटा. लहानपणापासून मी त्या घराच्या भिंतीवरच्या भेगा बघत मोठा झालो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी एक भेग होती. उन्हाळ्यात तिच्यात पेन्सिल जायची, दिवाळीपर्यंत ती जवळजवळ मिटायची. बाबा दर दोन वर्षांनी मिस्त्री बोलावून ती भरून घ्यायचे, वरून रंग, आणि पुढच्या एप्रिलमध्ये भेग पुन्हा हजर.

मी नववीत होतो तेव्हा ऑगस्टमध्ये बाथरूमचं दार अडकलं. आत आजी. चौकट वाकडी झाली होती, कडी निघाली तरी दार हलेना. शेजारच्या काकांनी पहार आणून दार फोडलं. तोपर्यंत अर्धा तास गेला होता आणि आजी आत घाबरून खाली बसली होती. तिला लागलं काही नाही, पण त्यानंतर शेवटपर्यंत आजीनं त्या घरात कुठलंच दार आतून लावलं नाही.

आम्ही सगळ्यांनी दोष दिला सुताराला. 'लाकूड पावसात फुगतं' हे उत्तर सगळ्यांना पटलं. आता कळतंय की फुगलं होतं वेगळंच काहीतरी, आणि ते घराच्या खाली होतं.

काळी आणि पांढरी

आपल्याकडे गावाचे दोन भाग म्हणतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. काळीत पिकवायचं, पांढरीत राहायचं. आता बघा, गावाबाहेर जी नवी प्लॉटिंग पडतात ती कुठे पडतात? शेतात. म्हणजे काळीत! एनए होऊन कागद बदलतो, माती तीच राहते.

ही काळी माती बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं एक खनिज असतं. त्याची रचना पोळ्यांच्या चळतीसारखी समजा. पातळ पातळ थर एकावर एक. पाऊस पडला की पाणी या थरांच्या मध्ये शिरतं आणि चळत उंच होते. उन्हाळ्यात पाणी उडालं की चळत बसते. शेतात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, त्याचं कारण हेच.

आता तुम्ही म्हणाल, एवढं जड घर, त्याला माती काय उचलणार? तर उचलते! आणि यातली गंमत अशी की जड इमारतीपेक्षा हलक्या घराला धोका जास्त. पाच मजली इमारत वरून बराच भार टाकते, त्यामुळे फुगणारी माती दाबली जाते. आपलं एक मजली घर, कंपाउंडची भिंत, नुसती फरशी यांचा भार कमी असतो. माती त्यांना सहज वर ढकलते. आणि सगळीकडून सारखं ढकलत नाही. भिंतीच्या बाहेर पाऊस मुरतो, घराच्या मधोमध माती कोरडी राहते, संडासाच्या पाइपजवळ वर्षभर ओल असते. एक कोपरा वर, एक खाली. मग चौकट वाकडी होणार नाही तर काय!

'शेजारच्यानं केली होती का टेस्ट?'

नव्या प्लॉटवर घर बांधायचं ठरल्यावर मी म्हटलं, आधी सॉइल टेस्ट करू. बाबांचा पहिला प्रश्न: 'शेजारच्यानं केली होती का? उभं आहे ना त्याचं घर?' गुत्तेदार म्हणाला, 'दादा, तीस वर्षं बांधतोय. पाच फूट खणू, डबर भरू, काही होत नाही.' आणि तो काही वाईट माणूस नाही. त्याच्या दृष्टीनं घर पडलं नाही म्हणजे काही झालं नाही. भेगा तर सगळ्यांच्याच घराला असतात.

दोन बोअर आणि लॅबचे मिळून २८ हजार सांगितले होते. घराचं बजेट ३४ लाख. बाबा म्हणाले, 'एवढ्यात आतल्या दारांचं सागवान येतं.' मी म्हटलं, 'बाबा, दार कितीही भारी लावलं तरी चौकट वाकडी झाली की अडकणारच.' ते काही बोलले नाहीत. आई म्हणाली, 'करू द्या त्याला.' झालं, परवानगी मिळाली.

नेमकं काय करतात?

पहिलं काम खणायचं नसून विचारायचं असतं. इथे आधी काय होतं? ओढा, नाला, खदान, विहीर, भराव? शेजारची विहीर असेल तर तिच्यात डोकावायचं, मातीचे थर फुकटात दिसतात. आमच्या इंजिनिअर मॅडमनीही विचारलं. प्लॉटिंगवाल्यानं सांगितलं, 'शेत होतं, बाकी काही नाही.' हे वाक्य लक्षात ठेवा.

मग किती ठिकाणी तपासायचं? भारतीय मानक आयएस १८९२ मध्ये याचं मार्गदर्शन आहे. साधारण एक एकर पसरलेल्या इमारतीच्या जागेला चार कोपरे आणि मध्य असे पाच बिंदू, आणि छोट्या घराला मध्यात एक खड्डा किंवा एक बोअरसुद्धा चालू शकतो. आम्ही दोन घेतले, ईशान्येला एक आणि नैऋत्येला एक.

मशीन आलं. तिवई, दोरी, विंच. पाण्याची बोअर मारतात तसा धुरळा आणि आवाज नव्हता, कारण इथे घाई चालत नाही. दर दीड मीटरला थांबून एक चाचणी घेतात, तिला एसपीटी म्हणतात. ती इतकी साधी आहे की मला वाटलं हे चेष्टा करतायत. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडायचा आणि खाली लावलेली पोकळ नळी ४५ सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. पहिल्या १५ सेंटिमीटरचे ठोके सोडून द्यायचे, कारण भोक पाडताना वरची माती हललेली असते. उरलेल्या ३० सेंटिमीटरचे ठोके म्हणजे 'एन व्हॅल्यू'. माती ढिली असेल तर तीन-चार ठोक्यांत काम होतं. घट्ट मुरूम असेल तर तीस-चाळीस लागतात. शंभर मारूनही जात नसेल तर 'रिफ्यूजल' लिहितात. जमिनीनं सरळ नकार दिला!

नळी वर काढून उघडली की आत मातीचा नमुना मिळतो. शिवाय पातळ भिंतीच्या नळीतून, माती न मोडता, एक वेगळा नमुना घेतात आणि दोन्ही तोंडांना मेण लावून बंद करतात, म्हणजे ओल उडत नाही. भोकात पाणी कुठपर्यंत आहे ते दुसऱ्या दिवशी बघतात, कारण पाण्याला आपल्या पातळीवर यायला वेळ लागतो.

हे सगळं ज्या तक्त्यात लिहितात त्याला 'बोअर लॉग' म्हणतात. मी दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचतो, त्यामुळे मला घरी आल्यासारखं वाटलं. डावीकडे खोली, मध्ये मातीचं वर्णन, उजवीकडे एन व्हॅल्यू. वरून खाली वाचत जायचं आणि कुठे काहीतरी विचित्र दिसलं की थांबायचं.

लॅबमध्ये कणीक आणि रॉकेल

लॅबमधल्या दोन चाचण्या मला फार आवडल्या.

पहिली. माती ओली करून काचेवर हातानं वळतात, अगदी शेवया वळतो तशी, ३ मिलिमीटर जाडीची. ज्या ओलीला ती या जाडीवर तुटायला लागते ती एक मर्यादा. दुसरी मर्यादा म्हणजे माती पातळ होऊन वाहायला लागते ती ओल. त्यासाठी पितळी वाटीत माती घेऊन मधोमध खाच पाडतात आणि वाटी आपटत राहतात. २५ आपटांत खाच तळाशी १२ मिलिमीटर मिटली की ती ओल नोंदवायची. या दोन मर्यादांमधलं अंतर म्हणजे प्लॅस्टिसिटी इंडेक्स. हे अंतर जितकं मोठं, तितकी माती पाण्यासाठी हपापलेली.

दुसरी, फ्री स्वेल. वाळवून चाळलेली माती १०-१० ग्रॅम दोन नळकांड्यांत घ्यायची. एकात पाणी, एकात रॉकेल. २४ तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. आमच्या नमुन्यात रॉकेलमधली माती ११ मिलिलिटरवर होती आणि पाण्यातली २० वर. फरक ९, भागिले ११, म्हणजे साधारण ८२ टक्के. हा आकडा ५० च्या पुढे गेला की सावध व्हायचं. मी त्या दोन नळकांड्यांचा फोटो बाबांना व्हॉट्सअॅपवर पाठवला. बाबांचं उत्तर आलं: 'जुन्या घराखालीही हेच असणार.' सतरा वर्षं सुताराला दिलेला दोष त्या एका मेसेजमध्ये मागे घेतला गेला.

ईशान्य आणि नैऋत्य

ईशान्येचा बोअर सरळ होता. २.६ मीटरपर्यंत काळी माती, त्याखाली पिवळा मुरूम, एन व्हॅल्यू ३४, साडेचार मीटरला मऊ खडक. म्हणजे गुत्तेदाराच्या पाच फुटांवर, दीड मीटरवर, आम्ही पाया घातला असता तर तो बरोबर फुगणाऱ्या मातीच्या मधोमध बसला असता. जुन्या घरासारखाच.

नैऋत्येला मात्र दीड मीटरला एन ४. तीन मीटरला ३. माती काळीच, पण नळी उघडल्यावर तिच्यात विटेचे तुकडे आणि प्लॅस्टिकच्या पिशवीचा एक कपटा. ड्रिलर शांतपणे म्हणाला, 'साहेब, ही माती इथली नाही. आणून टाकलेली आहे.'

पलीकडच्या बांधावर एक म्हातारे बाबा बकऱ्या घेऊन उभे होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, 'तिथं विहीर होती ना. आटली तशी बुजवली.' बस! प्लॉटिंगच्या नकाशात नाही, सातबारावर आमच्या नजरेला पडली नाही, पण बकऱ्या राखणाऱ्या माणसाला पक्की माहीत. तिसरा बोअर घेऊन विहिरीची कड शोधली, त्याचे ९ हजार वेगळे. आमच्या नकाशातले दोन कॉलम बरोबर तिच्यावर येत होते.

आता खरी पंचाईत पुढेच होती. वास्तूवाल्यानं सांगितलं होतं, नैऋत्य जड ठेवा, तिथे मोठी बेडरूम घ्या. रिपोर्ट म्हणत होता, नैऋत्येला हात लावू नका. बाबांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी म्हणाले, 'तिथं गाडी लावू. गाडीही जडच असते.' विषय संपला. घर ईशान्येकडे सरकलं, एक खोली लहान झाली, आणि त्या कोपऱ्यात आता फक्त पेव्हर ब्लॉक आहेत. ते थोडे खचलेही आहेत. बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ती जागा मुद्दाम दाखवतात.

आकड्याचा उपयोग काय?

रिपोर्टच्या शेवटी एक आकडा असतो, एसबीसी, सेफ बेअरिंग कपॅसिटी. म्हणजे एक चौरस मीटर जमिनीवर किती टन भार सुरक्षितपणे टाकता येईल. समजा एका कॉलमवर ४० टन भार आहे. जमीन १० टन पेलत असेल तर फुटिंग ४ चौरस मीटरचं लागेल, म्हणजे २ बाय २. जमीन २० टन पेलत असेल तर २ चौरस मीटर पुरेल, साधारण १.४ बाय १.४. माहिती नसेल तर दोनच गोष्टी होतात. एक तर भीतीपोटी उगाच जास्त सिमेंट-लोखंड जमिनीत पुरलं जातं, किंवा कमी पडतं.

पण नुसता एसबीसी विचारून थांबू नका. मे महिन्यात वाळलेली काळी माती दगडासारखी कडक असते. आकडा छान येतो आणि जुलैमध्ये तीच माती लोणी होते. काळ्या मातीत फुगण्याच्या चाचण्यांशिवाय एसबीसी म्हणजे अर्धीच गोष्ट.

आमच्याकडे उपाय असे झाले: सगळी फुटिंग काळी माती ओलांडून मुरमात. प्लिंथ बीमच्या खाली मोकळी जागा, म्हणजे माती फुगली तरी तिला वर यायला वाव. फरशीखालची काळी माती काढून न फुगणाऱ्या मातीचा दाबलेला थर. या थराच्या तंत्रावर आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी मोठं काम केलंय. काळी माती फारच खोल असेल तर तळाशी फुगीर गाठ असलेले पाइल घालतात, त्यांना अंडर-रीम्ड पाइल म्हणतात. रुरकीच्या सीबीआरआयनं ते आपल्याकडे रुजवले. आणि घराभोवती फरसबंदी, गच्चीचं पाणी पाइपनं लांब, मोठी झाडं भिंतीपासून दूर. शेवटच्या तीन गोष्टींना काहीच अक्कल लागत नाही, तरी बहुतेक घरांत त्याच राहून जातात.

छोटी प्लेट, मोठी इमारत

एक बाहेरची गोष्ट सांगतो, कारण ती चुकीची तपासणी म्हणजे काय ते फार छान दाखवते. कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथे रेल्वे कंपनीनं धान्याचं प्रचंड कोठार बांधलं. आधी जमीन तपासली होती बरं का! खणलेल्या जागेत छोटी प्लेट ठेवून वर भार दिला, जमीन टिकली. ऑक्टोबर १९१३ मध्ये धान्य भरत असताना कोठार खचायला लागलं. पहिल्या तासात साधारण एक फूट. चोवीस तासांत ते जवळजवळ २७ अंशांत कललं.

झालं काय? वर कडक चिकणमाती होती, तिच्याखाली मऊ. भाराचा परिणाम जमिनीत खाली एका फुग्यासारखा पसरतो आणि तो साधारण पायाच्या रुंदीच्या दीड-दोन पट खोल जातो. छोट्या प्लेटचा फुगा छोटा, तो वरच्या कडक थरातच संपला. कोठाराचा फुगा मोठा, तो मऊ थरात उतरला. आमच्या भाषेत सांगायचं तर दहा युजरवर टेस्ट केली आणि दहा लाख युजर सोडले. तेव्हा हे गणित बांधकामात रुळलेलं नव्हतं. मृदायांत्रिकीचा पाया घालणारं कार्ल टेर्झागी यांचं पुस्तक त्यानंतर १२ वर्षांनी, १९२५ साली आलं. कोठाराची बांधणी मात्र इतकी भक्कम होती की ते खालून आधार देऊन पुन्हा सरळ केलं गेलं आणि वापरातही आलं.

तुमचे प्रश्न

*आमच्याकडे काळी माती नाही, मग गरज आहे का?* आहे. कोकणात जांभा वरून कडक असतो आणि खाली मऊ माती किंवा पोकळी असू शकते. खाडीकाठी मऊ चिकणमाती वर्षानुवर्षं दबत राहते. आणि खडक लागला म्हणून नाचू नका! आपल्या बेसॉल्टमध्ये मुरमात अडकलेले मोठे धोंडे असतात. धोंड्यालाच खडक समजून थांबू नये म्हणून खडकात अजून दोन-तीन मीटर जाऊन बघतात.

*बजेट खूपच कमी असेल तर?* निदान जेसीबीनं अडीच-तीन मीटरचा खड्डा काढा आणि जाणकार इंजिनिअरला त्यात बघायला लावा. खड्ड्यात स्वतः उतरू नका, कडा ढासळते. आणि खड्डा कॉलमच्या जागेवर घेऊ नका.

*रिपोर्ट खरा आहे हे कसं ओळखायचं?* मशीन आलं त्या दिवशी तिथे उभे राहा. रिपोर्टमध्ये बोअरच्या जागांचा नकाशा, फोटो आणि लॅबचे मूळ आकडे मागा. दोन बोअरचे आकडे अगदी तंतोतंत सारखे असतील तर शंका घ्या. जमीन कॉपी-पेस्ट करत नाही.

तर मंडळी, आमच्या नव्या घरात हा पहिला पावसाळा गेला. मागच्या रविवारी आईला फोनवर विचारलं, दारं नीट लागतायत का? ती म्हणाली, 'सगळी लागतात. बाथरूमचं मी तुझ्या आजीसारखं उघडंच ठेवायचे, आता लावते.'

तुमच्या घराला भेगा असतील तर त्या उन्हाळ्यात मोठ्या होतात की पावसाळ्यात, ते बघून कमेंटमध्ये लिहा. आणि कुणी प्लॉट घेत असेल तर त्याला हा एपिसोड पाठवा, टोकन द्यायच्या आधी. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!